रिटर्नवाल्यांचा वर्ग आणि चहाच्या पाण्याचा ड्रम

मी नको म्हणत होतो. पण पतसंस्थेतल्या लोकांनी "तात्या, सांगाच" म्हणून डोकं खाल्लं. यांना काय, हसायला पाहिजे! हॉल झाडणाऱ्याकडं किस्से केरासारखे साठतात. रोज काढा, दुसऱ्या दिवशी तेवढेच. सांगतो, पण एक गोष्ट आधीच ऐका. याच हॉलात माझ्यावर पाणी चोरल्याचा आळ आला होता आणि एका माणसाची माफी अजून यायची आहे. ती येईपर्यंत मी गप बसणार नाही.

साल दुष्काळाचं. शिरूर कासारातलं निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेलं टँकरच्या मागं. अशात आमच्या हॉलात इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देणाऱ्यांचा वर्ग निघाला. कायदा दरसाल बदलतो, म्हणून बीडहून एक मॅडम फुकट शिकवायला यायच्या. फी नाही, परीक्षा नाही. नियम एकच, घरून बाटलीभर पाणी आणायचं आणि दारातल्या ड्रमात ओतायचं. त्यातूनच सगळ्यांचा चहा. ड्रम माझ्या ताब्यात, हॉलची किल्ली पण.

आमच्या पतसंस्थेचे चेअरमन भुजंगराव. त्यांनी आदल्या दिवशी एकेकाला फोन लावला.

"वर्ग ऐच्छिक हाय बरं का! ज्याची इच्छा आसंल त्यानं यावं. अन् जो येणार न्हाई, त्याला मी बघून घीन!"

हॉल भरला.

* * *

मॅडमनी वेळ दहाची दिलेली. मंडळी जेवणंखाणं उरकून, ढेकर देत आली. मॅडम लई चिडल्या. "दहा म्हणजे दहा! तुम्ही लोकांना तारखा सांगता, आणि तुम्हालाच वेळ पाळता येत नाही?"

दिंद्रुडहून येणारा सर्जेराव शांतपणे उठला.

"मॅडम, रिटर्नची शेवटची तारीख दरसाल वाढती. आमाला वाटलं, दहाची बी वाढली आसंल!"

* * *

एकदा मॅडमनी सरावासाठी खराखुरा करदाता आणवला. मांजरसुंब्याचा धाबेवाला. बिचारा गिऱ्हाइकं सोडून आलेला. मॅडम म्हणाल्या, "पहिल्यांदा यांना नीट प्रश्न विचारा. मग आकडे भरा."

सर्जेरावानं पेन काढलं. "मालक, सालाचं उत्पन्न किती?"

धाबेवाला खुर्चीतून अर्धा उठला. "मला काहून इचारतो रं? दरसाल तूच तर ठरवतो!"

* * *

आता रंगनाथ. रिटर्नवाल्यांत सगळ्यात जुना आणि स्वतःच्या मते सगळ्यात शहाणा. बाटली अर्धीच आणायचा. हटकलं तर म्हणायचा, "वाटंत तहान लागली, तात्या." चहा मात्र दोन कप, आणि पहिला मान त्याचा!

त्याची धंद्याची रीत सोपी होती. मागच्या सालचं रिटर्न काढायचं, साल बदलायचं, द्यायचं लावून. एका वर्गात मॅडमनी प्रत्येकाला स्वतःच्या शेताचं उत्पन्न लिहायला लावलं. रंगनाथाचा कागद बघून त्यांनी चष्मा काढला.

"रंगनाथराव, तुमची मोसंबी जळाली म्हणून तुम्ही अनुदान मागितलंय ना?"

"व्हय."

"मग ही मोसंबी कुठली विकली?"

"मागच्या सालची, मॅडम. हाय तशी ठेवली."

"अहो, झाडं वाळली!"

"झाडं वाळली. रिटर्न कुठं वाळलं?"

मी कपाळाला हात लावला. अशा माणसाला शिकवायला ती बाई बीडहून एसटीनं यायची!

* * *

शेवटच्या वर्गाला सर्टिफिकेटं वाटायला इन्कम टॅक्सचे मोठे साहेब येणार होते. सगळ्यांनी आदल्या दिवशीच पाणी आणून ड्रम काठोकाठ भरला. सकाळी रंगनाथ सगळ्यांच्या आधी हजर. मला वाटलं, सुधारला. "तात्या, तुमी दूध घिऊन या," म्हणाला, "मी बसतो ड्रमापाशी."

दूध घेऊन आलो तर हॉल भरलेला आणि ड्रम रिकामा. तळाला नुसती ओल. आणि रंगनाथच ओरडत होता, "म्हाताऱ्यानं पाणी घरी नेलं! रोज नेत आसंल!"

दुष्काळात सोनं चोरणाऱ्याला लोक एकवेळ माफ करतील, पाणी चोरणाऱ्याला नाही. "आरं, मी दूध आणायला गेलतो!" म्हणून सांगितलं. ज्यांना इतके दिवस चहा पाजला, ते खाली मान घालून बसले. भुजंगरावांनी एक शब्द विचारला नाही. टेबलावर बोट आपटलं.

"तात्या, किल्ली ठिवा हितं."

ठेवली. या वयात चोर म्हणून घरी जायची वेळ आली.

तेवढ्यात बाहेर शेळी ओरडली. मॅडम दारात गेल्या, त्यांच्यामागं सगळे. रंगनाथाच्या जीपखाली चिखल झाला होता आणि दोन शेळ्या तो चाटायला एकमेकींना ढुशा देत होत्या. सगळा रस्ता धुळीनं मातकट, आणि जीपच्या बॉनेटमध्ये तोंड दिसत होतं.

मॅडमनी विचारलं, "रंगनाथराव, गाडी कधी धुतली?"

गड्याची पापणी लवली नाही.

"मागच्या साली, मॅडम. हाय तशी ठेवली!"

हॉल हसून हसून लोळला. भुजंगराव पण हसले. हसता हसताच त्यांनी किल्ली माझ्याकडं सरकवली.

"तात्या, चहा ठिवा."

कशाचा ठेवू?

रंगनाथानं निदान पुढच्या सालच्या वर्गाला दोन बाटल्या आणल्या, त्याही भरून. माफी राहिली आहे ती भुजंगरावांची.