पट्ट्याचा सेल

भिंगरे,

तुझ्या विभागाला तुझ्यावर एक पान हवं आहे. प्रयोगशाळेच्या दाराजवळ तुझा फोटो लागणार आहे, त्याच्या शेजारी ते लावतील. "तुमच्याकडे राहत होती ती, चार शब्द लिहा बाई, चांगलं काहीतरी," असं तुझे सर फोनवर म्हणाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, एवढं मलाही कळतं. पण तू होतीस तेव्हा जे बोलायचं ते मी तुझ्या तोंडावर बोलले. आता मागून गोड बोलायला लागले तर तुलाच पटणार नाही. म्हणून तुलाच लिहिते. भिंतीवर लावायचं की फाडून टाकायचं, ते त्यांनी बघावं.

वाचणाऱ्यांसाठी आधी ओळख. तुझी आई आणि मी कॉलेजात एका बाकावर. ती तिकडे संसाराला लागली, मी नवऱ्यामागे या परक्या गावात आले आणि पदार्थविज्ञान शिकवता शिकवता म्हातारी झाले. नवरा गेला, माडीवरची खोली रिकामी पडली. तेवढ्यात तुझ्या आईचा फोन. "लेक येतेय तिकडे शिकायला. खेळाचं शास्त्र."

"खेळाचं कसलं आलंय शास्त्र? एक तर खेळता येतं नाहीतर येत नाही."

"मला काय विचारतेस, तिलाच विचार. एका जागी टिकेल तर शपथ. नुसती भिंगरी आहे."

नाव तिथेच पडलं. तू नंतर आलीस.

आल्या आल्या दोन बॅगा उघडल्यास. एकीत कपडे, दुसरीत नुसते बूट.

"घरात पायांची काही कमतरता नव्हती वाटतं," मी म्हटलं.

"मावशी, हे सरावाचे, हे ट्रॅकचे, हे चिखलातले आणि हे शर्यतीचे."

"आणि चारचौघांत जायचे?"

"ते घ्यायचे राहिले."

घ्यायचे ते शेवटपर्यंत राहिलेच. विद्यापीठाच्या समारंभालाही तू धावायचे बूट घालून गेलीस आणि साडीच्या निऱ्या खाली ओढून ते झाकलेस. मी पाहिलं होतं.

पहाटे जिन्याची वरची पायरी करकरली की मी समजायचे, स्वारी उठली. मग स्वयंपाकघरातला नळ. तुझा तो काळा पट्टा तू नळाखाली ओला करायचीस आणि सदऱ्याच्या आत छातीला आवळायचीस. ओला असला की हृदयाचे ठोके नीट पकडतो आणि मनगटावरच्या घड्याळाला कळवतो, हे तूच मला शिकवलंस. परत आलीस की चहा निवत ठेवून घड्याळात डोकं. लोक सकाळी पेपर वाचतात, तू स्वतःला वाचायचीस.

एकदा माझी बोटं धरून आपल्या मनगटावर ठेवलीस. "मोजा." एक ठोका लागला. मग काहीच नाही. मी चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं.

"पुढचा येतोय की नाही?"

"येईल हो मावशी. त्याला कसली घाई?"

तू हसलीस, मीही हसले. पण बोटं मी जरा लवकरच काढून घेतली.

या ठोक्यांचा तुला कोण अभिमान. तुमच्याकडे पद्धतच अशी, की विद्यार्थीच एकमेकांवर प्रयोग करतात. आज एक यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर धावतो, बाकीचे आकडे घेतात, उद्या पाळी बदलते. त्यात तू सगळ्यांची लाडकी. नव्या मुलांना 'कसलेल्या खेळाडूचं हृदय' दाखवायचं असलं की सर तुलाच तारा लावून उभं करायचे. मला एकदा बघायला घेऊन गेलीस. तोंडावर श्वास मोजायचा मुखवटा, छातीवर चिकट टिकल्या, त्यांतून निघालेल्या तारा, आणि खाली यंत्राचा पट्टा गरगर फिरतोय. दवाखान्यातून पळून आलेली रोगीण दिसत होतीस. तुझ्याबरोबरचा तो दाढीवाला मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "आजी, घाबरू नका, ही दमत नाही. यंत्र दमतं."

पडद्यावर तुझ्या ठोक्यांची रेघ उमटत होती. जन्मभर मी आलेखच तपासले आहेत, माझी नजर तिथेच जाणार. प्रत्येक ठोक्याची शेवटची लाट वर जायच्या ऐवजी खाली जात होती. मी सरांना विचारलं, "ही उलटी का?"

"खेळाडूंमध्ये दिसतं असं, बाई. सामान्य माणसात दिसलं असतं तर मीच डॉक्टरकडे पाठवलं असतं."

"आणि खेळाडूत हे चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, ते कसं ओळखता?"

सर हसले. वाईट माणूस नाही, हुशार आहे. म्हणाले, "वाईट असतं तर ती अशी धावली असती का?"

मुलं हसली. तूही मुखवट्याच्या आत हसलीस, त्यावर आतून वाफ धरली.

चाचणीआधी त्यांनी तुला नेहमीचा प्रश्न विचारला होता, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का. तू म्हणालीस, "नाही. एक काका गेले, पण ते बुडून." बुडणं हा काही आजार नव्हे. पुढचा प्रश्न.

तुझा तो काका मला ऐकून माहीत होता. पट्टीचा पोहणारा, आणि गेला तो छातीएवढ्या पाण्यात. त्या रात्री मी तुझ्या आईला फोन लावला.

"भावोजींचं नेमकं काय झालं होतं गं?"

"पाय अडकला वेलीत."

"अडकलेला पाहिला कोणी?"

"असंच म्हणतात सगळे. आता कशाला उकरून काढतेस? सासूबाई अजून तळ्याच्या वाटेने जात नाहीत."

मी तुला ते सांगितलं. तू बूट पुसत होतीस. "मावशी, पाण्यात पाय अडकतो माणसाचा," म्हणालीस, आणि दुसरा बूट उचललास.

मग तो जिन्यातला प्रकार. धावून आलीस, दुधाची पिशवी हातात, आणि मधल्याच पायरीवर बसलीस. मी हाक मारली, तू वर पाहिलंस, पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. दाराला कुलूप नसावं आणि आत माणूसही नसावं, तसं. पिशवी हातातून सुटली, दूध पायऱ्यांवरून खाली आलं. ते खालच्या पायरीशी पोचलं तेव्हा तू म्हणालीस, "अगं बाई, दूध."

"दूध मरो. तुला काय झालं?"

"काही नाही. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं, डोक्याला कमी पडतं. याला नाव आहे मावशी."

तुझ्याकडे कशालाही नाव होतं, तेच माझं दुखणं. नाव सापडलं की तुमची भीती संपते. आमच्या पिढीत निदान नाव न सापडल्यामुळे लोक वैद्याकडे तरी जात.

त्यानंतर घड्याळ वेड्यासारखे आकडे दाखवू लागलं. चढावर तू बरी असायचीस आणि सपाटीला आकडा एकदम दुप्पट. जरा वेळाने पुन्हा जागेवर. तू पट्टा झटकायचीस, नळाखाली आणखी ओला करायचीस. शेवटी तो माझ्यासमोर ओट्यावर टाकलास.

"मावशी, बाजारात जाल तेव्हा याचा सेल आणाल? घड्याळवाल्याकडे मिळतो. उतरला की असाच करतो हा."

मी खणातून वीज मोजायचा माझा जुना मीटर काढला, सेल बाहेर काढून तपासला. भरलेला होता.

"सेल ठणठणीत आहे."

"मग पट्टा कोरडा पडत असेल."

"नळाचं अर्धं पाणी त्यालाच पाजतेस. पट्टा ओला आहे आणि सेल भरलेला आहे. आता उरलं कोण?"

तू पट्टा उलटापालटा करून पाहिलास. आकडा जुळला नाही की आधी उपकरण तपासायचं, हे मीही मुलांना शिकवत आले. पण उपकरण बरोबर निघालं की पुढे काय करायचं, तेही शिकवत होते.

"हृदयाच्या डॉक्टरला दाखव."

"शर्यतीनंतर."

"आधी."

तेव्हा प्रथमच तू आवाज चढवलास. "तुम्हाला कळत नाही मावशी. ही निवडीची शर्यत आहे. संघात आले तर शिष्यवृत्ती टिकेल, पुढचं वर्ष इथे, नाहीतर घरी परत. डॉक्टर एकदा नुसतं म्हणाला ना, की थोडं थांब, आणखी एक तपासणी करू, की सर मला रेघेवर उभं करणार नाहीत. आमच्याकडे तो नियमच आहे."

"नियम कुणी मूर्खाने केलेला दिसत नाही."

तू उठून गेलीस. जिन्यात पोचलीस आणि कठड्यावरून वाकून म्हणालीस, "बरं, सौदा. तुम्ही नवा सेल आणा. तो घालूनही आकडे तसेच आले, तर मी डॉक्टरकडे जाते. शर्यतीच्या आधी."

"भरलेल्या सेलच्या जागी भरलेला सेल घालून काय सिद्ध होणार? तू आधी डॉक्टरची वेळ घे, मग मी दहा सेल आणते."

"तुम्ही आधी."

"तू आधी."

हसत होतो दोघी. एकीपेक्षा एक हट्टी. तुझी आई म्हणते, हिला तुझ्याकडे ठेवलं आणि पोरगी तुझ्यावर गेली.

शर्यतीला मी आले होते. मला मैदानावर बसायला आवडत नाही, बाक गार असतात. पट्टा तू घातला नव्हतास, "खोटारडा आहे" म्हणून माझ्या ओट्यावर ठेवून आलीस. पहिली फेरी तू घोळक्यात, दुसरीत घोळक्याबाहेर. काय धावत होतीस. मला त्यातलं काही कळत नाही, पण माझ्या शेजारचा अनोळखी माणूसही उठून उभा राहिला.

पलीकडच्या वळणावर तू पडलीस. अडखळली नाहीस. मी बघत होते, माझी नजर अजून शाबूत आहे. पाय उचललेला होता आणि तो खाली आलाच नाही. सगळी तू खाली आलीस.

"पाय मुरगळला," माझ्या मागे कोणीतरी म्हणालं. "पाय गेला वाटतं बिचारीचा." दाढीवाला बर्फाची पिशवी घेऊन धावत सुटला. इतक्या जोरात तो कधी धावला नसेल. तुझ्याजवळ बसून त्याने आधी घोटाच चाचपला. मी बाकावरून ओरडत होते, पाय नाही, पाय नाही, पण म्हातारीचा आवाज मैदानापलीकडे जातो थोडाच. हृदयाला झटका देणारं यंत्र कचेरीच्या भिंतीवर होतं. ते आणायला हवं हे सरांना कळलं तेव्हा बर्फ तुझ्या पायावर बांधून झाला होता.

तुझ्या आईला मीच कळवलं. तिने मला सगळं दोनदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली, "पाय अडकला का गं तिचा?"

"नाही," मी म्हटलं. "आणि भावोजींचाही नव्हता. तुझ्या धाकट्या लेकाला उद्याच्या उद्या तपासून आण. तो खेळतो ना?"

ती रडायला लागली. मी बोलत राहिले. तपासून आणला त्याला. आता खेळत नाही तो, माझ्यावर रागावलाय. रागावू दे.

सर परवा येऊन गेले. तू बसायचीस त्याच खुर्चीवर बसले. ते म्हणाले, "उलट्या लाटेचं तुम्ही विचारलं होतंत." मी चहा पुढे केला. त्या माणसाला आणखी काय सांगायचं.

खोली झाडून घेतली, बूट तुझ्या आईकडे धाडले. पट्टा राहिला. ओट्यावरच आहे, नळाशेजारी. काल बाजारात गेले तर घड्याळवाला दुकानाबाहेरच उभा होता. "मुलीच्या पट्ट्याला सेल हवा होता ना? काढून ठेवलाय," म्हणाला. तू त्याला येता-जाता सांगून ठेवलं होतंस म्हणे, मावशी नेतील म्हणून.

पुन्हा कधीतरी नेईन म्हटलं, आणि भाजी घेऊन घरी आले.