ज्याचं कुणी नाही, तो आधी

आमच्या गल्लीतले मिस्त्री सुतारकाम करायचे आणि कमी बोलायचे. कुणी त्यांच्या कामाचं कौतुक केलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू समोरच्यानं त्यांची करवत मागितली आहे. गल्लीच्या तोंडाशी माझं इस्त्रीचं दुकान आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यावर मी काहीतरी टाकून बोलतेच, ती माझी खोडच आहे. मिस्त्रींवर मात्र माझी एकही थट्टा कधी लागू पडली नाही.

आमच्या गल्लीतल्या घरांची पाठ नदीला लागलेली आहे. ज्यांचे हातपाय चालत होते ते कधीच वर, चढावरच्या वस्तीत राहायला गेले. खाली उरले ते म्हातारे, आजारी, अंथरुणाला खिळलेले, आणि ज्यांना त्यांच्या मुलांनी "पुढच्या महिन्यात नेतो" म्हणून ठेवलंय ते. नदी वाढली की एक गाडी भोंगा वाजवत येते आणि सांगते, सर्वांनी सुरक्षित स्थळी जावे. जावे! ज्याला मोरीपर्यंत जायला दोन माणसं लागतात, त्यानं जावे! गाडी वळून निघून जाते. तिचे टायर ओले होण्याच्या आत जाते, हे मात्र मानलं पाहिजे.

हे सगळं बघून मिस्त्रींनी स्वतःच डोकं चालवलं. प्रत्येक घराच्या चौकटीला त्यांनी दोन्ही बाजूंनी खाचा पाडल्या. पाऊस वाढला की त्या खाचांत एकावर एक फळ्या सरकवायच्या, म्हणजे कमरेएवढं पाणी दाराशी थोपतं. मोरीतून पाणी उलटं वर येतं, म्हणून प्रत्येक मोरीच्या भोकाला मापाचा लाकडी दट्ट्या केला, त्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. दट्ट्या ठोकून बसवायचा आणि वर दगड ठेवायचा. याने नदी थांबत नाही, थोडा वेळ मिळतो. तेवढ्या वेळात एका खुर्चीला दोन बांबू बांधून माणसं उचलायची आणि चढावरच्या शाळेत नेऊन ठेवायची. खुर्चीचं पुढचं टोक मिस्त्रींकडे आणि मागचं माझ्याकडे. इस्त्री ओढून माझे दंड बरे झालेत.

कुणाला आधी न्यायचं यावरून पहिल्या वर्षी भांडणं झाली. तेव्हा मिस्त्रींनी एकच वाक्य सांगितलं, आणि तोच गल्लीचा कायदा झाला. ज्याचं कुणी नाही, तो आधी. ज्याच्या घरात धडधाकट माणूस आहे, तो नंतर. आणि अक्का सगळ्यांच्या शेवटी, कारण तिचा धडधाकट माणूस म्हणजे खुद्द मिस्त्री.

अक्का त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मिस्त्री रांगत होते. अक्कानं त्यांना वाढवलं, त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि त्याबद्दल ती कधी रडली नाही. उलट सांगायची, "नवरा केला असता तर तोही असाच घुम्या निघाला असता. एक पुरे." केस पिकलेल्या या माणसाला ती चारचौघांत बाळ म्हणून हाक मारायची. मग तिचं डावं अंग गेलं आणि ती खाटेवर आली. तिची वेणी मिस्त्री घालायचे. वेणी वाकडी व्हायची. माझ्याकडे इस्त्रीचे कपडे द्यायला आले की खाली मान घालून विचारायचे, "ताई, ते तीन पेड सारखे कसे धरतात?"

त्या दिवशी सकाळपासूनच पाणी चढत होतं. मिस्त्री घरोघर फळ्या सरकवत फिरले. समोरच्या आंधळ्या आजींच्या घरात गेले तर तिथला दट्ट्या उंदरांनी कुरतडलेला. नवा करायला वेळ नव्हता. मिस्त्री घरी येऊन तिथे ठोकता येईल असा लाकडाचा तुकडा शोधायला लागले, तेव्हा अक्का खाटेवरून म्हणाली, "आपला दे की तिला."

"आणि आपल्या मोरीचं काय?"

"चिंध्या कोंब. तिला कोण आहे? मला तू आहेस."

मी दारातच उभी होते, म्हणून हे सांगू शकते. मिस्त्रींनी घरचा दट्ट्या उचलला, मोरीत चिंध्या कोंबल्या, वर दगड ठेवला. स्वतःच्या दाराच्या फळ्या त्यांनी सागाच्या केल्या होत्या, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. गल्लीत तितकं पक्कं दार दुसरं नव्हतं. त्या दाराच्या भरवशावर आम्ही निघालो.

आंधळ्या आजींना नेलं. मग लकवा झालेल्या मास्तरांना. मग दम्याच्या शिंपीणबाईंना, त्या अर्ध्या वाटेत खाली उतरवा म्हणून ओरडत होत्या, कारण शिवणयंत्र घरात राहिलं होतं. दर फेरीला परत येताना मिस्त्री आपल्या दारावर थाप मारायचे. आतून अक्काचा आवाज यायचा, "ठीक आहे रे. तू जा."

बाहेर पाणी मांडीला लागलं. थाप. "ठीक आहे. जा, बाळ."

ठीक नव्हतं. चिंध्या केव्हाच वर उसळल्या होत्या आणि मोरीतून पाणी घरात येत होतं. बाहेरून दार ठणठणीत, फळ्या जागच्या जागी, आणि आत खाटेच्या कडेला पाणी लागलेलं. हे तिला दिसत होतं. तिला हाक मारता येत होती. तिनं मारली नाही. मला तिचा फार राग येतो. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. एक शब्द बोलली असती, तर पाठीवर टाकून नेली असती तिला.

शेवटून दुसऱ्या फेरीला थाप मारली तेव्हा आतून आवाज आला नाही. मिस्त्री क्षणभर थांबले. मग म्हणाले, "डोळा लागला असेल." गल्लीच्या टोकाच्या पांगळ्या काकांना न्यायचं बाकी होतं आणि त्यांना कुणी नव्हतं. आम्ही त्यांना नेलं.

परत येऊन मिस्त्री फळ्यांवर चढले. दार ढकललं तर जड लागलं. आत बाहेरच्याइतकंच पाणी होतं. त्यात स्टूल, भांडी, उशी तरंगत होती. खाट तरंगली नव्हती. ती त्यांनीच भिंतीला पक्की ठोकली होती, अक्का कुशीवर वळताना हलू नये म्हणून. मिस्त्रींनी तिला उचललं. नुसते तिच्या तोंडावरचे केस बाजूला करत राहिले.

पाणी ओसरल्यावर सगळी गल्ली भेटायला आली. आणि इथं माझं डोकं फिरलं. प्रत्येकजण आधी डोळे पुसायचा आणि मग म्हणायचा, मिस्त्री, तुमच्यामुळे आम्ही वाचलो. मास्तर म्हणाले, आंधळ्या आजी म्हणाल्या, शिंपीणबाई म्हणाल्या. लोक खरंच बोलत होते, तेच तर वाईट. शेवटी मिस्त्री हात जोडून म्हणाले, "कुणीतरी मला शिव्या द्या हो." कुणी दिल्या नाहीत. मलाही देता आल्या नाहीत, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. वरातीमागून घोडं तसे मग साहेब लोक आले, फळ्यांचे फोटो काढले, फारच छान कल्पना आहे म्हणाले. माणसं नदीकाठून हलवायची गोष्ट कुणी काढली नाही.

मिस्त्रींनी रंधा हातात धरणं सोडलं. आपल्या सुतारकामाच्या दुकानात बसून राहायचे. कुणी तुटलेली खुर्ची आणून ठेवली तर ती तशीच पडून राहायची. जेवण मी पाठवायचे, अर्धं परत यायचं.

पुढच्या पावसात नदी पुन्हा चढली आणि भोंगा पुन्हा वाजून गेला. मला वाटलं, या वेळी ते उठायचे नाहीत. पण उठले. फळ्यांना त्यांनी हात लावला नाही, नुसती बांबूची खुर्ची बाहेर काढली. पहिल्यापेक्षा भराभर, एकेकाला उचलत, आम्ही गल्ली रिकामी केली. पाणी गुडघ्याला लागायच्या आत सगळे शाळेत पोचले होते. माझ्या जिवात जीव आला. मी मागे बघते तर मिस्त्री खुर्ची घेऊन पुन्हा उतारावरून खाली चाललेले.

मी ओरडत मागे धावले. ते आपल्या घरात होते. रिकाम्या खाटेजवळ त्यांनी खुर्ची नीट टेकवली होती, बांबू दाराकडे करून, जसे नेहमी ठेवायचे.

"मिस्त्री, चला! आता कुणी राहिलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षभरात त्यांचा चेहरा इतका शांत मी बघितला नव्हता.

"हो ना, सगळे पोचले," ते म्हणाले. "आता अक्काला नेऊ. ताई, तुम्ही मागचं टोक धरा."

पाणी मोरीतून आत यायला लागलं होतं. मी मागचं टोक धरलं. रिकामी खुर्ची आम्ही दोघांनी चढावर नेली. वाटेत दोनदा ते थांबले आणि मला म्हणाले, हळू, तिला धक्का बसतो. शाळेतले लोक दारात येऊन बघत होते. कुणीही हसलं नाही.

मिस्त्री त्या दिवसापासून तिथेच आहेत, शाळेच्या मागच्या खोलीत, त्या खुर्चीशेजारी. लोक म्हणतात, चला, मिस्त्री तरी वाचले. म्हणोत बापडे.