रूथबाईंचा चेलो आणि देवाचं घोडं

श्रीमती रूथबाई साळवे यांना मी आधी ऐकले आणि मग पाहिले. मुलीला सोलापूरच्या गाडीत बसवून दौंड स्टेशनाबाहेर आलो होतो. चौफुल्याची जीप भरायला वेळ होता, म्हणून रेल्वे कॉलनीतल्या चिंचांच्या सावलीतून रमतगमत चाललो होतो. चर्चमागच्या एका खोलीतून आवाज आला. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला तो कसा वाटला, ते सांगतो. दुपारच्या तासाला सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणत असतो, आणि शेवटच्या बाकावरचा, नुकताच आवाज फुटलेला एखादा मुलगा खालच्या पट्टीत मागून येत असतो. खरे तर कविता तोच धरून ठेवतो. तो मुलगा मला त्या खोलीत ऐकू आला.

दारात जाऊन उभा राहिलो. गुडघ्यांमध्ये व्हायोलिनसारखे, पण भलेमोठे वाद्य धरून बसलेल्या बाई वर न पाहताच म्हणाल्या, "आत या. दारात उभं राहिलं की उजेड अडतो."

वाजवून झाल्यावर त्यांनी विचारले, "शिकायचंय?"

"साठी उलटलीय माझी, बाई."

"वय नाही विचारलं. नखं दाखवा."

मी मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. शाळेत आयुष्यभर मी इतरांची नखे तपासली, माझी तपासणारे कोणी तोवर भेटले नव्हते. "कापून या मंगळवारी," बाई म्हणाल्या. तळेगाव ढमढेऱ्याहून न्हावरे, तिथून चौफुला, तिथून दौंड, असा माझा मंगळवारचा प्रवास त्या आठवड्यात सुरू झाला, तो आजही चालू आहे.

बाईंचे वडील रेल्वेत गार्ड होते. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाने त्यांना हा चेलो दिला आणि वडिलांनी तो बाईंच्या हाती दिला. शाळेतली नोकरी सांभाळून बाईंनी संध्याकाळचा वर्ग चालवला, आणि निवृत्तीनंतर तर तोच त्यांचा संसार झाला. त्यांच्याकडे बहुतेक मोठी माणसेच येतात. असे का, हे एकदा मी विचारले होते. त्या म्हणाल्या, "लहान मूल चुकलं की हसतं आणि पुन्हा वाजवतं. मोठा माणूस चुकला की वाद्य खाली ठेवतो. त्याला धरून ठेवायला कुणीतरी लागतं ना."

मला त्यांनी कसे धरून ठेवले, ते सांगण्यासारखे आहे. पहिला पावसाळा नुसती मोकळी तार आणि तिच्यावर लांबच लांब ओढायचा गज. माझा उजवा हात वर्गात डस्टर आपटणाऱ्या मास्तरचा, तो काही लांब जाईना. बाईंनी विचारले, "गुरुजी, तुम्हाला जगात काय चांगलं येतं?" मी म्हटले, कविता म्हणता येतात, वृत्तात. "मग म्हणा." मी भुजंगप्रयातातली एक शाळेतली कविता म्हणू लागलो. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तोंडानं म्हणा आणि हातानं ओढा. दीर्घ अक्षराला पूर्ण गज, ऱ्हस्वाला अर्धा." त्या दिवशी माझा हात मोकळा झाला. शिष्याला जे येते तिथून शिकवायला सुरुवात करायची, ही त्यांची रीत. मी इतकी वर्षे शिकवले, पण ही रीत मला त्यांच्याकडे कळली.

तिसऱ्या वर्षी बाईंचा उजवा खांदा निकामी झाल्यासारखा झाला. डॉक्टरांनी गज धरायला मनाई केली. खोली ज्यांच्या ताब्यात होती, त्या चर्चच्या मंडळींना ती सामानासाठी हवीच होती. त्यांचे अध्यक्ष नम्रपणे म्हणाले, "बाई, तुम्हालाच वाजवता येत नाही, मग वर्ग कसला? दसऱ्यानंतरचा कार्यक्रम करा आणि आटपा." बाईंनी उत्तर दिले, "कार्यक्रमात चेलो वाजला, तर वर्ग चालू आहे असं समजा. नाही वाजला तर किल्ली तुमची." आणि वाद्य उचलून माझ्या हवाली केले. दोन व्हायोलिने, एक हार्मोनियम आणि खालचा आवाज माझा. वर्ग राहणार की जाणार, हे माझ्यासारख्या नवशिक्यावर आले.

आता आमच्या आबांविषयी लिहिले पाहिजे. आबा म्हणजे माझे थोरले बंधू, ऐंशीच्या घरातले, अजून उसाला पाणी धरणारे. मी सराव करू लागलो की ते ओसरीवरून म्हणत, "बाळू, त्या रेड्याला आधी पेंड तरी घाल." तरी खंडेनवमीला त्यांनी कोयता, खुरपी, पंपाचे पाने मांडले, त्यात माझ्या नकळत चेलोही आणून ठेवला. माथ्यावर कुंकू लावले, झेंडूचा हार घातला. आणि गजाचे केस कोरडे पडलेत, त्यांतून पांढरी भुकटी गळते आहे, हे पाहून त्यांना सगळ्या हत्यारांसारखे खोबरेल तेल चोळले, अगदी मन लावून.

ती भुकटी राळेची होती. गजाच्या केसांना राळ लावावी लागते, ती तारेला धरते, म्हणून आवाज निघतो. तेलकट गज तारेवरून नुसता घसरतो. मी ओढून पाहिले. कुंई नाही की कांई नाही.

"काय झालं?" आबा म्हणाले. "चांगलं तेल हाय, घाण्याचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भाऊ दौंडला गेलो. बाईंनी गज उजेडात धरला, आबांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आबा, माझ्या वडिलांच्या चेलोची पूजा आजवर कुणी केली नव्हती." आबांनी मान खाली घातली. बाईंनी पुण्याच्या दुकानात फोन लावला. दिवाळीपर्यंत गज दुरुस्तीला घेता येणार नाही, असे उत्तर आले, आणि कार्यक्रम तर दिवाळीच्या आधी. व्हायोलिनचा गज या जाड तारांपुढे लेचापेचा. फोन ठेवून बाई म्हणाल्या, "वडील स्वतः केस बदलायचे, मी पाहिलंय. पांढरा घोडा कुणाकडे आहे?"

"वडगाव रासाईला," आबा लगेच म्हणाले. "सोपानमामाकडं."

सारा गाव ज्यांना मामा म्हणतो, त्या सोपानमामांची आधीची पिढी मेंढरांमागे फिरली. आता त्यांचा कांदा आहे, ऊस आहे, पण दारात एक पांढरे घोडे अजून आहे. जीपमधून उतरून आम्ही कारण सांगितले. मामा बाईंकडे पाहत राहिले.

"शेपटीचं केस? करणी-बिरणी न्हाई ना?"

"वाजवायला हवेत," बाई म्हणाल्या. "घोडा आहे ना? घोडी नाही?"

"घोडा हाय. का?"

"घोडीची शेपूट तिच्या मुतानं भिजते. ते केस चालत नाहीत."

मामा मोठ्याने हसले. "आरं, बाईला जनावर कळतंय." मग गंभीर झाले. "पर बाई, हे देवाचं सोडल्यालं घोडं हाय, खंडोबाचं. कात्री लावायची न्हाई त्याला."

आबा घाईने मध्ये पडले, "आरं सोपाना, देवाफुडंच वाजायचंय की."

"नाही," बाई म्हणाल्या. "आबा, तसं नका सांगू. मामा, चर्चच्या मागच्या खोलीत वाजणार आहे. केस नाही मिळाले तर माझा वर्ग बंद होईल. पण देवाचं नाव सांगून मला ते नकोत."

आबा चुळबुळले. मी वाळूत काठीने रेघोट्या ओढू लागलो. वर्ग हातचा गेला, असेच मला त्या क्षणी वाटले. मामा उठले आणि घोड्याच्या मानेवरून हात फिरवू लागले.

"मग देवाफुडं कवा वाजवणार?"

"तुम्ही बोलवाल तेव्हा."

"चंपाषष्ठीला या." त्यांनी हाक मारली, "आगं, कात्री आण गं. आन् हळद आण." घोड्याला हळद लावून, हात जोडून, मामांनी स्वतःच्या हाताने शेपटीतली एक बट कापली. आबा घोड्याच्या तोंडापुढे गूळ धरून उभे होते.

केस धुऊन, वाळवून, फणीने विंचरून बसवायला आम्हाला दोन मंगळवार लागले. बाई सांगत होत्या, मी दोऱ्याने गाठी मारत होतो. "सैल झाली. सोडा. पुन्हा." आवाज चढला नाही, पण एकही सैल गाठ त्यांनी राहू दिली नाही.

कार्यक्रमाला अध्यक्ष पहिल्या रांगेत होते, त्यांच्या शेजारी बाई आणि पलीकडे फेटा बांधलेले आबा. दुसऱ्या रचनेत माझी मात्रा सुटली. व्हायोलिने पुढे गेली, मी गज हवेत धरून बसलो. समोर पाहिले, तर बाईंचे ओठ हलत होते. माझीच कविता त्या म्हणत होत्या, ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ. पुढच्या चरणाला मी त्यांच्या ओठांवरून आत शिरलो आणि शेवटपर्यंत सुटलो नाही. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा, इतक्या वर्षांनी, मीच झालो होतो.

अध्यक्ष उठून म्हणाले, "बाई, किल्ली ठेवा तुमच्याकडेच." बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, "म्हंजी हे असं वाजतं व्हय? मला वाटलं, तू घरी वाजवतोस तसंच असतंय."

चंपाषष्ठीला बाई आम्हा सगळ्यांना घेऊन वडगाव रासाईला गेल्या आणि खंडोबापुढे चेलो वाजला. दिला शब्द त्यांनी असा पाळला. पुढे खांदा सुधारला. आता त्या थोडे थोडे वाजवतात, आणि वर्गातली एकही खुर्ची रिकामी नसते. चेलोच्या माथ्यावर आबांनी लावलेला कुंकवाचा ठिपका अजून आहे. एका नव्या विद्यार्थ्याने तो पुसायला फडके घेतले, तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला. खंडेनवमीला आबा आता गजाला राळ लावतात, तेलाची वाटी लांब ठेवून.

रूथबाईंना पंचाहत्तरी पूर्ण केल्याबद्दल आम्हा सर्व उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांचा नमस्कार. त्यांचा हात हलता राहो, कान तीक्ष्ण राहो, आणि नखे वाढवून येणाऱ्यांना त्या दारातून परत पाठवत राहोत. त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभावे, असे मी लिहीत होतो, तेवढ्यात सोपानमामांचा फोन आला. बाईंच्या या गौरवग्रंथाविषयी त्यांना आबांकडून कळले होते.

"माझंबी लिवा त्यात," ते म्हणाले. "बाईंना म्हणावं, घोडं तरणं हाय आजून. शेपटी मागच्यापरीस दाट आलीया. लागंल तवा या."