शुक्रवार तुझा होता

बाइंडरकाकांनी आयुष्यात हजारो पुस्तकं शिवली आणि त्यातलं एकही वाचलं नाही. ही काही त्यांची निंदा नव्हे, धंद्याची रीतच तशी. बांधणाऱ्याची नजर ओळीवर पडत नाही, समासावर पडते. कागद किती जून झालाय, शिवण कुठे उसवलीय, कडा किती कापाव्या लागतील, एवढंच त्याला दिसतं; आत कुणाचं लग्न लागतंय की कुणाचा गळा कापला जातोय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. काकांना तर याचा अभिमानच होता. "मी पुस्तक पाठीवरून ओळखतो," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक हसे. काका हसत नसत.

दुकान चर्चच्या मागच्या गल्लीत, एका खोलीचं. मधोमध पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, भिंतीला पुठ्ठ्यांची चळत, कोपऱ्यात स्टोव्ह आणि त्यावर खळीचं पातेलं. चर्चच्या मंडळीची सगळी गीतपुस्तकं आणि घरोघरचे पवित्र शास्त्राचे ग्रंथ, म्हणजे बायबलं, इथूनच धडधाकट होऊन जात. खळ काका स्वतः शिजवत आणि तिच्यात आठवणीने चिमूटभर मोरचूद टाकत. मोरचूद विषारी. ते असलं की कसर कागदाच्या वाटेला जात नाही. काकांनी बांधलेल्या पुस्तकाला कसर लागली, असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांना एक बहीण होती. होती म्हणजे काय, आहे. दर रविवारी चर्चमध्ये डावीकडच्या शेवटच्या बाकावर बसते. घरात तिला धाकटी म्हणत. पण बावीस वर्षं काकांनी तिला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती.

झालं होतं असं. वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा घरात वार वाटून घेतले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार धाकटीचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार आईचे. रविवारी दोघी मिळून. काकांच्या वाट्याला एकही वार नव्हता, आणि ते तेव्हा कुणाला खटकलंही नाही. मुलगा कामाचा माणूस, त्याला उशापायथ्याशी कोण बसवणार? एका शुक्रवारी दुपारी काका जेवायला घरी आले, तर दाराला बाहेरून कडी. आत वडील पलंग आणि टेबल यांच्यामध्ये फरशीवर पालथे पडलेले. पाण्याचा पेला टेबलावर भरलेला होता, त्यांचा हात तिथपर्यंत पोचला नव्हता. अंग गार पडलं होतं.

मूठमाती देऊन सगळे घरी आले. माणसं अजून पांगलीही नव्हती, तोच काका धाकटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शुक्रवार तुझा होता."

धाकटीने आईकडे पाहिलं. आई रुमालाची घडी घालत होती, ती उलगडून पुन्हा घालू लागली. धाकटीने मान खाली घातली. झालं, लागला निकाल. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असला की खटला लवकर उरकतो.

महिन्याभराने आई घरचा ग्रंथ घेऊन दुकानात आली. मोठा, जुना, कणा मोडलेला. त्याच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाचं एक पान होतं. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, सगळं त्या पानावर लिहायचं. "नीट बांध," आई म्हणाली, "आणि आधी धाकटीचं पान बघ." एवढं बोलून ती थांबलीही नाही.

काकांनी पान उघडलं. वर बहिणीचं नाव दिसलं आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. आई लेकीची वकिली करायला आलीय, असं ते धरून चालले. नजर खालच्या ओळींपर्यंत गेलीच नाही. तशी सवयच नव्हती तिला. त्यांनी पानाच्या मापाचा कोरा कागद कापला, चारी कडांना खळ लावली, पानावर बसवला आणि पट्टीने असा घासला की बोटाला कड लागू नये. मग उरलेला ग्रंथ झकास बांधला. काम म्हणून पाहाल तर उत्तम होतं.

आईने ग्रंथ उघडला, कोऱ्या कागदावरून हात फिरवला आणि तिला रडू फुटलं. मग तिने उठून मुलाच्या कपाळाचा मुका घेतला. काकांना वाटलं, चला, आईलाही पटलं. त्यानंतर आई चार वर्षं जगली आणि हलक्या मनाने जगली. महिलामंडळ तिने असं चालवलं की ती गेल्यावर चर्चच्या भिंतीवर तिच्या नावाची संगमरवरी पाटी लागली. फक्त अधूनमधून ती विचारी, "अजून धाकटीशी बोलत नाहीस?" आणि उत्तराची वाट न बघता विषय बदले.

या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे मेजावरची भाकर आणि द्राक्षारस सगळ्यांनी घेणं, महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, आणि मनात वैर असेल त्याने मेजाशी जायचं नाही असा दंडक आहे. कुणाला मिटवायचं असेल, तर त्याने त्याआधी जागेवर उभं राहून बोलायचं. वडील गेले त्याच वर्षी एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला, की वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याशी वाकडं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. काका उठले. बहीण पाच बाकं मागे बसली होती. तिच्याकडे काही गेले नाहीत. जागेवरूनच म्हणाले, "माझ्या बहिणीच्या हातून पाप घडलं. मी तिला क्षमा केली आहे." बायकांनी डोळे पुसले. शेजारच्या एका गृहस्थाने त्यांचा हात दाबला. काका ताठ मानेने मेजाशी गेले आणि त्यांनी भाकर घेतली.

त्या दिवसापासून धाकटी मेजाशी गेली नाही. सगळे उठत, ही बाकावर एकटी. लोक म्हणत, मन खातंय तिचं. काकांनाही तसंच वाटे, आणि खरं सांगायचं तर ते वाटून त्यांना बरं वाटे.

मग गेल्या महिन्यात काकांच्या मुलीला मुलगी झाली. तिचं नाव लिहायला त्यांनी कपाटातून ग्रंथ काढला, तर आतून भुसा गळला. कसर! त्यांच्या हातच्या कामाला! त्यांनी ग्रंथ दुकानात नेऊन पानं तपासली. बाकी सगळं शाबूत होतं, फक्त त्या एका पानाच्या कडा कुरतडलेल्या होत्या. काकांच्या लक्षात आलं, त्या दिवशी रागाच्या भरात त्या कागदापुरत्या खळीत मोरचूद घालायचं राहिलं होतं. कोरा कागद हात लावताच सुटून आला. खाली आईचं अक्षर होतं. बाइंडरकाका स्टुलावर बसले आणि त्यांनी ते वाचलं.

"शुक्रवार धाकटीचा, पण त्या शुक्रवारी तिची नोकरीची मुलाखत होती. मीच म्हटलं, तू जा, मी बसते. मग मंडळाच्या प्रार्थनेची वेळ झाली. तासाभराचा प्रश्न म्हणून मी कडी लावून गेले. ते पाणी मागत असताना मी तिथे क्षमेवर बोलत होते. तुम्हा दोघांना तोंडाने सांगायचं धैर्य माझ्यात नाही."

काकांनी ते तीनदा वाचलं. आई का रडली, तिने मुका का घेतला, हे आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं. तिला वाटलं होतं, मुलाने वाचलं आणि माझं पाप झाकलं. पोटच्या पोराने पोटात घातलं, असं समजून ती बाई निवांत मेली.

धाकटी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात काम करते. त्या शुक्रवारची मुलाखत याच नोकरीची होती. लोकांच्या आईवडलांशेजारी बसायचं, हेच काम. काका तिथे पोचले, तेव्हा ती एका म्हाताऱ्याला चमच्याने पेज भरवत होती.

"भरती व्हायला आलास का?" ती म्हणाली. "जागा नाही सध्या."

काकांनी ग्रंथ पुढे केला. तिने चमचा ठेवला, हात पुसले, वाचलं.

"अक्षर छान होतं आईचं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मी कुठे होते ते मला माहीत नसेल? या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते, हाक मारतील म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? आधी शिक्षा दिलीस, मग क्षमा केलीस. मधलं विचारायचं राहूनच गेलं की तुझं." तिने पुन्हा चमचा उचलला. "आईचं नाव घेतलं असतं, तर तू तिलाही सोडलं नसतंस. म्हटलं, सांगेल तीच. यंदा नाही तर पुढच्या वर्षी."

"तिला वाटलं, मी वाचूनच झाकलं."

"म्हणजे सुखाने गेली. बरं झालं, कुणीतरी सुखात होतं."

"मला क्षमा कर, धाकटे."

तिने म्हाताऱ्याची हनुवटी पुसली. बराच वेळ पुसली. "येत नाही रे दादा मला. आली असती तर बावीस वर्षं बाकाला चिकटून राहिले असते? तू समोर दिसलास की अजून अंगाची आग होते. मनात वैर धरून भाकर खायची नाही, तेवढंच मला पाळता आलं, तेवढं पाळलं. तू उभा राहून बोललास ना? तिथेच उभा राहून परत बोल. पण आईचं नाव काढायचं नाही. ती पाटी लोकांनी खरवडलेली मला बघवणार नाही."

"मग काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. वार वाटले तेव्हा तुझ्या वाट्याला एकही नव्हता, तेवढं आठव."

पुढचा रविवार महिन्यातला पहिला होता. उपदेश संपला, मेजावरचं पांढरं कापड काढलं गेलं आणि काका उठले. त्यांनी पुढचं बाक धरलं.

"बावीस वर्षांपूर्वी मी इथे बहिणीवर आरोप केला होता," ते म्हणाले. "तो खोटा होता. तिचा काही दोष नव्हता."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. असले प्रसंग त्यांच्या वाट्याला रोज येत नाहीत. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि ते प्रार्थनेला सुरुवात करणार, तेवढ्यात पुढच्या बाकावरून मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "मग घरी कुणी थांबायचं होतं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. काकांच्या अगदी समोर, भिंतीवर, आईची पाटी होती. तिच्यावरची सोनेरी अक्षरंही गेल्याच वर्षी काकांनी उजळून दिली होती.

"मी," काका म्हणाले. "शुक्रवार माझा होता. मी दुकानात बसून राहिलो."

हे खोटं होतं. आणि पुरतं खोटंही नव्हतं.

चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली आणि वाढत गेली. "बहिणीवर ढकललं!" "वर क्षमा करायला निघाला होता!" ज्या गृहस्थाने तेव्हा हात दाबला होता, तो आता म्हातारा झाला होता; तो सरकून बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेला. पाळकसाहेबांनी पसरलेले हात हळूच खाली घेतले. बावीस वर्षांपूर्वी धाकटीला जी नजर मिळाली होती, ती जशीच्या तशी काकांना मिळाली. मंडळीने ती सांभाळून ठेवली होती. काकांना संताप आला, ओरडावंसं वाटलं, अरे, भिंतीवर बघा! त्यांनी दात दाबून धरले आणि ते मागे चालत गेले. डावीकडच्या शेवटच्या बाकावर येऊन बसले.

लोक मेजाकडे जाऊ लागले. काका उठले नाहीत. वेदीसमोर उभं राहून खोटं बोललेल्या तोंडात भाकर कशी घालणार?

धाकटी उठली. स्वेटरची बटणं लावली. बावीस वर्षांनी ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, तिने भाकर घेतली, पेला ओठांना लावला आणि परत आली. बसली त्याच बाकावर, पण मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"पहिलं वर्ष जड जातं," ती हळू आवाजात म्हणाली. "मग सवय होते."