प्राप्ती कुठे उतरते

नीराबाईंनी वीसएक वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. निवृत्त होऊन चौलला घरी बसल्या, तरी रस्त्यावर गाडी वाजली की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची. शेजारच्या सत्यवतीनं एकदा कुंपणापाशी उभं राहून त्यांना सांगितलं, की प्राप्तीला अठरा पूर्ण झाली आणि शाळेची गाडी बंद झाली. प्राप्ती तिची मुलगी. उशिरा बोलायला लागलेली, अक्षरांशी कधी न जमलेली, पण हाताला चिकाटी असलेली. नागावात अशा मुलामुलींसाठी एक कार्यशाळा होती आणि तिथे तिला कागदी पिशव्या करायला घेणार होते. संध्याकाळी तिथल्या बाई तिला परतीच्या गाडीत बसवून देणार होत्या आणि चौलला सत्यवती उतरवून घेणार होती. सकाळी मात्र पोचवणार कोण? त्याच वेळी सत्यवतीला सुपारीच्या वाडीत कामाला जावं लागे.

"एसटीनं जाईल की," नीराबाई म्हणाल्या.

"एकटी? तिला पाटी वाचता येत न्हाय, ताई."

"चौलहून अलिबागला जाणारी गाडी नागाववरूनच जाते. उतरायचं कुठे एवढंच शिकायचं. मी शिकवते."

दुसऱ्या दिवसापासून दोघी निघाल्या. नीराबाई खिडकीतून बोट दाखवून सांगायच्या: हे देऊळ, ही विहीर, हे निळं फाटक, आणि फाटकानंतर आपण उठायचं. थोड्याच दिवसांत नीराबाईंनी सांगायच्या आधीच प्राप्ती उठून दाराशी जायला लागली. नीराबाई मुद्दाम गप्प बसून बघायच्या. एकदा तर गप्पांत रमल्याचं सोंगही केलं. प्राप्ती बरोबर नागावलाच उठली. सत्यवतीला त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की पोरीनं फाटक पाठ केलं.

मग त्या मागच्या बाकावर बसायला लागल्या आणि प्राप्ती पुढे, एकटी. ही शेवटची पायरी होती.

महिना भरायच्या आत एका सकाळी नागाव आलं, गाडी थांबली आणि प्राप्ती उठलीच नाही. नीराबाई अर्ध्या उभ्या राहिल्या, मग खाली बसल्या. हाक मारणं सोपं होतं, पण त्यांना कुतूहल वाटलं. ही आता काय करते? पोरगी घाबरलेली दिसत नव्हती. ती सारखी मागेपुढे मान वळवून गाडीतल्या माणसांकडे बघत होती, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. निळं फाटक मागे गेलं, तिनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अक्षी गेली, खाडीवरचा पूल गेला, अलिबागचं स्टँड आलं. सगळे उतरले. प्राप्ती सर्वांत शेवटी उठली, कंडक्टरसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काशी न्हाय आली."

कंडक्टरला काही उमगेना. नीराबाईंना मात्र लख्ख कळलं. काशी म्हणजे रेवदंड्याची कोळीण. रोज मासळीची पाटी घेऊन याच गाडीला असायची आणि नागावला उतरून घरोघरी मासे विकायची. आज संकष्टी होती, नागावात मासळीला गिऱ्हाईक मिळणार नव्हतं, म्हणून ती घरीच राहिली होती. देऊळ, विहीर, फाटक, यातलं काहीच प्राप्तीनं घेतलं नव्हतं. काशी उठली की ती उठायची.

नीराबाईंना आधी आपलीच लाज वाटली आणि मग स्टँडवर उभ्या उभ्या हसू आलं. चहा घेताना त्यांनी विचारलं, "मी दाखवते ते फाटक तुला दिसत न्हाय का गं?"

"दिसतं. खूप फाटकं हायत."

ते खरंच होतं. परतीच्या गाडीत नीराबाईंनी बोट दाखवलं नाही. प्राप्तीला खिडकीशी बसवलं आणि तुला काय कळतं ते तूच सांग, म्हणाल्या. नागाव आलं तसा तिनं हात गजांबाहेर काढला. "थंड," ती म्हणाली.

रस्ता वाड्यांमध्ये शिरत होता. दोन्ही बाजूंच्या माडा-पोफळींची सावली गाडीवर आली होती आणि वारा एकदम गार लागत होता. इतकी वर्षं याच रस्त्यावर गर्दीत उभं राहून तिकिटं फाडली, पण हा गारवा नीराबाईंच्या अंगाला कधी लागला नव्हता. त्यांनीही डोळे मिटून बघितलं. खरंच कळत होतं.

मग दोघींनी नव्याने सुरुवात केली. सकाळी अलिबागकडे जाताना आधी एकदा थंड लागतं, मग ऊन येतं आणि पुन्हा थंड लागलं की उठायचं. ढगाळ दिवशी चुकायला नको म्हणून चढताच कंडक्टरला मोठ्यानं सांगायचं, "मला नागावला उतरवा." हे सांगणंच तिला सगळ्यांत जड गेलं. आवाज फुटेना. नीराबाईंनी घराच्या पडवीत रोज कंडक्टर होऊन तिच्याकडून ते म्हणवून घेतलं.

प्राप्ती आता एकटी जाते. काशी असली तर तिच्याशेजारी बसते, पण तिच्याआधी उठते आणि तिलाही चल म्हणते.

गेल्या आठवड्यात रेवदंड्याचे एक गृहस्थ आपल्या मुलाला, प्रज्योतला, घेऊन नीराबाईंकडे आले. त्यालाही त्याच कार्यशाळेत जायचंय. पहिल्या दिवशी नीराबाईंनी त्याला खिडकी दिली. त्यानं बाहेर पाहिलंच नाही. डोकं पुढच्या बाकाच्या दांडीला टेकवून तो सगळा रस्ता हसत राहिला. त्याला काय कळत असेल याचा नीराबाई घरी येऊन बराच वेळ विचार करत बसल्या. उद्या त्या स्वतःही दांडीला डोकं टेकवून बघणार आहेत.