मालिकांची सावड

खुरपणीचं आणि किश्श्यांचं एक सारखं असतं. आपली पात, म्हणजे खुरपायची ओळ, संपवून मागं वळून बघावं, तर पहिल्या टोकाला गवत पुन्हा उगवलेलंच! आमच्या चौघींचं तसंच आहे. हसून हसून पोट दुखतं, "बास बाई आता" म्हणून पदर खोचतो, तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "आन त्या दिवशी गं..." की झालं सुरू!

चौघी म्हणजे जनाकाकी, मंगल, नंदा आणि मी, शोभा. पिंपळवंडीच्या पुढं आमची वस्ती. कांदा असो की टोमॅटो, आमची सावड ठरलेली. आज चौघी माझ्या रानात, उद्या चौघी मंगलच्या.

अडचण होती ती मालिकांची. सगळ्या चांगल्या मालिका सात ते नऊ. नेमकी तेव्हाच गाईची धार, भाकरी, आणि रिमोट पुरुषांच्या नाहीतर पोरांच्या हातात. एक दिवस मंगल कांद्यात बसून रडकुंडीला आली, "माझी काल अर्धीच झाली गं!" तेव्हा काकी म्हणाल्या, "रानाची सावड करतो, तशी मालिकांची करू की!"

एकीनं एकच मालिका बघायची आणि दुसऱ्या दिवशी रानात बाकीच्या तिघींना सांगायची. सातची काकींकडं, साडेसातची मंगलकडं, आठची माझ्याकडं, साडेआठची नंदाकडं. नियमही काकींचाच, "जिच्याकडं सांगायला न्हाई, तिला ऐकायला न्हाई. तिनं आपली पात घिऊन लांब बसायचं!"

आम्ही हसलो. नंदा मात्र लगेच म्हणाली, "मी न्हाई बाई चुकवायची." तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा चाकणला कंपनीत. घरात बोलायला एक गाय तेवढी.

* * *

काकींना मालिकेतली नावं लक्षात राहत नाहीत. मग त्या गावातली माणसं वापरतात! हिरो म्हणजे "आपला पोस्टमन", त्याची आई म्हणजे "ती नारायणगावची बांगडीवाली", आणि खलनायिका म्हणजे "डेअरीवाल्या नानांची धाकली सून".

एकदा काकी बांधाजवळ बसून रंगात आल्या होत्या. "आन नानांच्या सुनेनं काय करावं? इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन दुधात इख कालवलं!" बांधावरून जाणाऱ्या कुणीतरी एवढंच ऐकलं.

अर्ध्या तासात नाना मोटारसायकल दामटत हजर. घामाघूम. आम्हाला वाटलं, सुनेच्या बदनामीवरून आता भांडण होणार. नाना म्हणाले, "काकी, बाकी ऱ्हाऊ द्या. सकाळच्या दुधात का काल संध्याकाळच्या? संध्याकाळचं टँकरमधी गेलं!"

सुनेनं असं केलं असेल का, हे त्यांनी विचारलंच नाही!

* * *

मंगलचे सासरे आबा. त्यांना सिनेमा आवडतो, पण सिनेमातल्या माणसांची फार काळजी वाटते. एका रविवारी दुपारी हिरो-हिरोईन गाणं म्हणत म्हणत उसात शिरले. आबा खाटेवरून उठून उभेच राहिले!

"आरं, उसात नका शिरू! ऊस तोडणीला आलाय, बिबट्या असंल!"

मंगल म्हणाली, "आबा, पिच्चर हाय तो."

"मंग? पिच्चरच्या उसात काय बिबट्याला बंदी हाय का? आन ह्या पोरीच्या हातात साधी बॅटरी न्हाई. आईबापांनी सोडली कशी?"

गाणं संपलं आणि उसातून तलवार घेऊन व्हिलन बाहेर आला. आबा खाली बसले, पानाला चुना लावला आणि म्हणाले, "हाय, माणूसच हाय. जमंल मिटवायला."

* * *

आता आमच्या घरचं. आमचे हे मालिका बघत नाहीत. "बायकांचं काम ते," असं म्हणून आठ वाजता टीव्हीसमोरच पेपर उघडून बसतात. पेपर सकाळचा, वाचून झालेला.

एकदा आठलाच पाहुणे आले, मी चुलीपाशी अडकले आणि माझी मालिका बुडाली. दुसऱ्या दिवशी कांद्यात गेल्या गेल्या मी कबूल केलं. काकींनी नियमावर बोट ठेवलं आणि मला पात घेऊन लांब बसवलं. लांबून तिघींचं हसणं ऐकत खुरपणं म्हणजे काय शिक्षा असते, ते त्या दिवशी कळलं.

दुपारी हे डबा घेऊन आले. मला एकटीला बघून कारण विचारलं. मग डबा बांधावर ठेवला, घसा खाकरला आणि लांबच्या तिघींनाही ऐकू जाईल असं बोलायला लागले. कोर्टात कोण काय म्हणालं, वकिलानं चष्मा कसा काढला, आई कशी कोसळली, सगळं! शेवटी यांचाच आवाज भरून आला.

काकींनी डोळे पुसले. "दत्ता, उद्यापास्नं तूच येत जा. हिला ठिव घरी!"

* * *

पण सांगावं नंदानं. आमच्या मालिकांतल्या बायका झोपतानाही शालू नेसून झोपतात. नंदाच्या मालिकेतली सुमन भांडी घासायची, तिच्या टाचेला भेगा होत्या, बाजारात जुडीवरून भांडायची. सासूनं घराबाहेर काढलेली, पण ताठ.

"चुलीवर घेवडा व्हता," नंदा सांगायची.

मंगल विचारायची, "तुला वास आला का गं टीव्हीतून?"

"वास कशाला? ढवळायच्या तऱ्हेवरनं कळतं की."

सुमनच्या लेकराला ताप आला त्या दिवशी काकी इतक्या रडल्या, की त्यांच्या पातीत गवत सगळं शाबूत राहिलं आणि कोथिंबीर तेवढी उपटली गेली. कोथिंबीर माझी होती! पण मीही रडत होते, बोलणार काय?

* * *

संक्रांतीनंतर मी मढला बहिणीकडं हळदीकुंकवाला गेले. तेव्हा नंदाची मालिका ऐन रंगात होती. सुमन सासूच्या दारात येऊन उभी होती, कडी वाजवली होती आणि नंदानं तिला दोन दिवस तिथंच उभं ठेवलं होतं. साडेआठ वाजले तशी मी भाचीला म्हणाले, "लाव गं ते, सुमनचं."

भाची हसायलाच लागली. "मावशी, कुठल्या जगात हाय तू? ती मालिका दिवाळीच्या आधीच संपली. सुमन परदेशात गेली की!"

दिवाळीच्या आधी! मी मनात महिने मोजले. लेकराचा ताप, घेवडा, दार, सगळं त्याच्या नंतरचं.

दुसऱ्या दिवशी परतताना तिळगूळ द्यायला नंदाकडं डोकावले. टीव्ही जागेवर होता. त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर लसणाची परडी, आणि वायर गुंडाळून तिला रबर लावलेलं. पावसाळ्यात वस्तीवर वीज पडली, तेव्हाच तो गेला असणार. मी बघितलं, आणि मी बघितलेलं नंदानं बघितलं.

"बस की," ती म्हणाली. "च्या ठिवते."

"नको गं, उशीर झालाय," म्हणून मी निघाले. उशीर कसला? मला तिच्याकडं बघवेना, एवढंच. घरी पोचेपर्यंत माझा मलाच राग येत होता.

* * *

सकाळी चौघी मंगलच्या कांद्यात. काकींचं झालं, मंगलचं झालं, माझं मी कसंबसं उरकलं. मग मंगलनं खुरपं थांबवलं.

"नंदे, आता किती दिवस उभी ठिवणार त्या बिचारीला? शोभे, तू तर परवा मढला बघितलं असशील! उघडलं का गं दार?"

नंदाचं खुरपं मातीतच राहिलं. तिनं मान वर केली नाही. पातीचं टोक किती लांब आहे ते मात्र एकदा बघितलं.

मी खुरपं चालवत म्हणाले, "माझं ते... बघायचं राहिलं."

"असं कसं राहिलं? साडेआठला घरातच असशील की!"

तेवढ्यात जनाकाकी बोलल्या, खाली मान घालून, हात चालूच. "मढला काय लागतं ते मढवाल्यांनी बघावं. आपल्याकडं नंदाचंच लागतं. सांग गं नंदे, लवकर. पात संपत आली."

नंदानं दोन गवतं उपटली. मुळांची माती झटकली. बराच वेळ झटकली.

"उघडलं," ती म्हणाली.

"कुणी?" मंगल.

"सासूनंच."

"आन? काय म्हणली?"

नंदानं माझ्याकडं बघितलं.

"म्हणली, दारात काय हुबी ऱ्हातीस? ये आत. च्या ठिवलाय."