ओट्याखालची रांग

"खाली! खाली उभं ऱ्हा! ओट्यावर कुनी पाय ठेवायचा न्हाई! घागर खालनं धरा, मी वरनं ओततो!"

हा जो ओरडतो आहे तो मीच. माझा आवाज मुळात असा, की मी उपासनेत गीत उचललं की शेवगावच्या बाजारात बैल कान टवकारतात असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, लोक ऐकतात. त्या सकाळी मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या विहिरीच्या ओट्यावर उभा होतो. हातात पोहरा, करगोट्याला चावी, आणि खाली सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन माझ्या तोंडाकडं बघत. असा मान मला माझ्या लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. पुढं जे झालं ते सांगताना एक शब्दही वाढवायचा नाही, असं मी प्रभूपुढं कबूल केलं आहे. तरी कुठं वाढलाच, तर तो सवयीचा दोष समजावा.

दुष्काळाचं ते वर्ष. गावातली धडधाकट माणसं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि घरोघर रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होती. ती भाकरी अशी, की कुत्र्याला टाकली तर ते आधी आपल्या धन्याकडं दयेनं बघायचं. पण आमच्या ख्रिस्ती वस्तीला पाऊस रुसायच्या आधीपासूनच दुसरीच धास्ती होती. मिशनच्या बंगल्यातले गोरे साहेब आदल्या वर्षी कायमचे मायदेशी गेले. निवडणूक झाली, लढाई झाली, आता देश नवा होणार असं पुढारी सांगून गेले. आमच्या वस्तीत मात्र रोज एक नवी आवई उठायची. आज काय तर बंगला सरकारजमा होणार, उद्या काय तर शाळा बंद होणार. ख्रिस्ती झालो म्हणून सरकारी सवलत गेली होती, आणि गावात राहतो म्हणून गावानं कधी पाटावर बसवलं होतं असंही नाही. मी बायकोला उघड म्हणायचो, "देवानं आपल्याला अर्ध्या वाटेत उतरवलं आन् गाडी पुढं नेली." ती म्हणायची, "हळू बोला, त्याला ऐकू जाईल." मी म्हणायचो, जाऊ दे.

हक्काची अशी एक विहीर तेवढी राहिली होती. आमच्या वाडवडिलांना गावच्या आडावर मज्जाव होता. आमच्या बाया घागर खाली ठेवून लांब बसून राहायच्या. एखादीला दया आली तर ती वरून पाणी ओतायची, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसायचं. म्हणून जुन्या साहेबांनी ही विहीर खणायला काढली. माझ्या आजोबांनी एकट्यानं पहारीनं अर्धा डोंगर फोडला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. अर्धा नसेल, पण त्यांची बोटं मरेपर्यंत सरळ झाली नाहीत, ती मी पाहिली आहेत. बंगल्याची चावी साहेबांनी जाताना पाळकसाहेबांकडं दिली, विहिरीची माझ्याकडं.

त्यातच गावचा आड आटला आणि गाव आमच्याकडं पाणी मागायला आलं. तालुक्याच्या कचेरीतल्या एका ओळखीच्या माणसानं माझ्या कानात सांगितलं होतं, "सांभाळा. एकदा गाव ओट्यावर चढलं की वहिवाट पडते, आन् वहिवाट पडली की विहीर गावाची." माझी झोप उडाली. पाळकसाहेब म्हणाले, तहानलेल्याला पाणी नाकारलं तर आपण रविवारी कोणत्या तोंडानं जमायचं? मंडळीत दोन्हीकडून बोलणं सुरू झालं. विहीर गेली तर उद्या आमच्या लेकींनी पुन्हा कुणाच्या आडाशी जाऊन बसायचं? आणि पाणी नाकारलं तर आम्ही प्रभूचे कसे? तेव्हा मी उठलो आणि तोडगा काढला. पाणी द्यायचं, पाय ठेवू द्यायचा नाही. आपण वर उभं राहून ओतायचं, त्यांनी खालून घ्यायचं. धर्मही राहिला, हक्कही राहिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब तेवढे माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, कौतुकानं.

तर ती सकाळ. रांगेत तिसऱ्या पाटलीणबाई होत्या. गडी खडीवर, सून बाळंतीण, म्हणून सत्तरीची बाई स्वतः कळशी घेऊन आलेली. मी पोहरा सावकाश कलता केला. तिच्या कळशीत ओतताना ओंजळभर पाणी मुद्दाम बाहेर सांडलं, हेही आता सांगून टाकतो. आमच्या आज्यांचं सगळं उट्टं मी त्या ओंजळभर पाण्यात काढलं, आणि फार गोड वाटलं. ती बाजूला सरून पदरानं हात पुसत उभी राहिली. मी तसाच ओरडलो, "चला, फुडं कोन?" आणि खाली न बघताच पुढच्या घागरीवर धार सोडली.

खालून एक बारीक, पातळ आवाज आला. "लांबूनच टाका, माय. शिवत न्हाई मी."

मी खाली बघितलं. सगुणाआत्या होती. माझ्या बापाची थोरली बहीण. तिनं मला मांडीवर वाढवलं, प्रभूची प्रार्थना पाठ करवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसांचा गलबला ऐकून काठी टेकत आली आणि रांगेत लागली होती. तिनं पदर कपाळाखाली ओढला होता, पाठ वाकवली होती, घागर हातभर लांब धरली होती आणि एकेक पाऊल मागं सरत होती. आमच्याच विहिरीशी. बाप्तिस्मा होऊन पन्नास वर्षं झालेली बाई.

हातातला दोर सुटला. पोहरा काठावरनं दोरासकट विहिरीत गेला आणि दगडावर आपटत आपटत पाण्यात पडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी ओट्यावर मटकन बसलो. त्या घटकेला माझ्या पायाखाली विहीर नव्हती, गावचा आड होता; आणि आडावर उभा राहून पाणी ओतणारा मी होतो.

पाटलीणबाई वळल्या. "सगुणा? सगुणा हायस का गं तू?"

"व्हय, माय," आत्या म्हणाली. अजून वाकलेलीच.

पाटलीणबाई नवी नवरी म्हणून गावात आल्या तेव्हा आडावरून आत्याच्या घागरीत त्याच पाणी ओतायच्या. पदराखालचा चेहरा त्यांनी ओळखला नसेल, ते शब्द ओळखले. त्यांनी हातातली कळशी खाली ठेवली. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मागच्या माणसांना एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरचा गळ आना रं. पोहरा काढा." गळ आला. तो टाकायला गावचे चौघे ओट्यावर चढले. माझ्या शेजारून चढले, मला ओलांडून चढले. वहिवाट पडली की नाही ते विचारायचं मला भान नव्हतं. पोहरा निघाला तशा पाटलीणबाई स्वतः वर आल्या, आत्याचा हात धरून तिला वर घेतलं, तिची घागर भरली, आणि ती घागर कमरेवर घेऊन आमच्या वस्तीपर्यंत चालत गेल्या. सगळं गाव आ वासून बघत होतं. वाटेत त्या दोघी काय बोलल्या ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या दिवसापासून कुणी वर, कुणी खाली असं राहिलं नाही. कुलूप मी विहिरीत फेकलं, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. खरं म्हणजे ते आमच्या गोठ्याला लावलं. विहिरीचं पाणी दहा हात वर आलं असं लिहायला हात शिवशिवतो आहे; पण ते वर आलं नाही, रोज खाली गेलं. शेवटी शेवटी वाटीनं खरवडून भरायला लागलं. गावच्या पोरी आणि आमच्या पोरी पाळीनं तळात उतरायच्या. तरी पाऊस येईपर्यंत विहीर पार कोरडी झाली नाही. विहीर कुणाच्या नावावर लागेल, बंगल्याचं काय होईल, पुढच्या निवडणुकीनंतर आमच्याकडं कोण बघेल, यातलं काही अजून मला ठाऊक नाही. पण रात्री झोप लागते. इतके दिवस मी समजत होतो की मी प्रभूची विहीर राखतो. मला कुणी राखत असेल, हे त्या सकाळपर्यंत ध्यानात आलं नव्हतं. आता चावी नाही, ओरडायचं कारण नाही. जे येईल ते त्याच्या हातून येऊ दे.

त्या सकाळनंतरच्या रविवारी मी मंडळीत उभा राहून ही साक्ष दिली, आणि छप्पर हालेल अशा आवाजात सांगितलं, की प्रभूनंच आत्याला त्या रांगेत उभं केलं, ते शब्द त्यानंच तिच्या मुखात घातले. उपासना सुटल्यावर आत्याला हात देऊन पायऱ्या उतरवत होतो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "आत्या, खरं सांग. प्रभूनंच बोलायला लावलं ना तुला?"

आत्यानं काठीनं पुढची पायरी चाचपली.

"मला कुठं दिसतंय रं? वरनं पानी पडलं, तोंडातनं निघून गेलं."